सर्वसाधारणपणे आढळते

"मॅडम, एकदा यंत्रं तुमचा लेख वाचायला लागली की त्यातला काना-मात्रासुद्धा तुम्हाला हलवता येणार नाही. आत्ता हात चालतोय तोवर काय ते बघून घ्या," असं नुलकरकाकांनी मला आमच्या विकीच्या चर्चापानावर लिहिलं होतं. मी खाली एक हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "काका, विकी आहे हा, शिलालेख नाही. कुणीही कधीही बदलू शकतं." एवढं टाइप होईतो माझी तान्ही लेक जुई उठली आणि तो विषय तिथेच राहिला.

नुलकरकाका गडहिंग्लजचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नाही. आमची ओळख 'सोबत'मुळे झालेली.

'सोबत' आता इतक्या घरांत आहे की तिच्याबद्दल सांगणं म्हणजे नळाला पाणी कुठून येतं ते सांगण्यासारखं आहे. पण ते तरी कुणाला ठाऊक असतं? म्हणून सांगते. घरातला वायफायचा डबा ज्या लहरी सोडतो, त्या भिंतींतून, कपाटांतून आणि आपल्यातूनही जातात. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी. त्यातून जाताना लहरी अडखळतात, वळतात, किंचित उशिरा पोचतात. श्वासाबरोबर छाती वरखाली झाली तरी त्या अडखळण्यात फरक पडतो. तो फरक मोजला की कॅमेरा न लावता कळतं, घरात कोण निजलंय, कोण येरझाऱ्या घालतंय, कोण हुंदके देतंय, आणि काही वावगं वाटलं तर घरच्यांच्या फोनवर तसा निरोप जातो. हे शास्त्र तसं जुनं. कंपन्या त्याची महागडी यंत्रं करून विकायच्या. 'सोबत' हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, फुकटची, कुठल्याही साध्या डब्यात चालणारी.

खरी नवी गोष्ट पुढची होती. कुठल्या हालचालीला घाबरायचं आणि कुठल्या नाही, याचे नियम आधी प्रोग्रामर लिहायचे. नियम संपेनात. म्हातारा माणूस दुपारी दोन तास हलत नाही तेव्हा तो झोपलेला असतो, पण तरुण माणूस तसाच पडून असेल तर काय समजायचं? उपास असेल तर? गुडघा दुखत असेल तर? मग कुणीतरी डोकं चालवलं. डब्यात भाषा समजणारं एक लहानसं यंत्र बसवलं आणि त्याला नियम देण्याऐवजी वाचायला दिलं. काय वाचायला? आमच्या विकीवरचे आढावा लेख. 'म्हातारपणातली झोप', 'लहान मुलांचा ताप', 'गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर' असे. त्या यंत्राचं नावच 'वाचक'. लेख बदलला की दुसऱ्या दिवशी घरोघरचा वाचक बदललेला. म्हणजे लेख लिहिणं हेच प्रोग्राम लिहिणं झालं. आणि लिहिणारे कोण, तर निवृत्त काका, रजेवरचे शिक्षक आणि माझ्यासारख्या, बी.एस्सी. होऊन पोरापायी घरी बसलेल्या बायका.

डब्याची स्मरणशक्ती बेताची. म्हणून आमच्यात एक दंडक होता. आढावा लेख फोनच्या एका पडद्यात मावला पाहिजे. त्याला आम्ही 'एक पडदा' म्हणायचो. जास्तीचं जे काही असेल ते 'सविस्तर' नावाच्या जोडपानावर हलवायचं. वाचक फक्त आढावा वाचतो. सविस्तर पान माणसांसाठी, कुणाला वाटलंच तर.

मी लिहायला लागले त्याला कारण झाली आमच्या आईंची भिशी. जुई तेव्हा तीन-चार महिन्यांची होती. एका दुपारी न्हाणीघरात मला उगीचच रडू कोसळलं. बाळंतिणीला येतं तसं. तिकडे भिशीत, दहा बायकांच्या मधोमध, सासूबाईंचा फोन मोठ्याने बोलला, "स्वरूपा रडत आहे. कृपया लक्ष द्या." आई वडा-सांबार टाकून रिक्षाने घरी आल्या त्या दारातूनच विचारत, "काय गं, मी काय बोलले तुला? गावभर काय सांगायला लावलंस?"

असं घरोघर चाललं होतं. बाई रडली की फोन, बाई गप्प बसली की फोन, बाई गच्चीत एकटी गेली की फोन. चर्चापानावर बायकांनी नुसता उच्छाद मांडला होता. एकीने लिहिलं होतं, "या सोबतीपेक्षा नणंद परवडली." तेव्हा मी ठरवलं, बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांवर एक नीट लेख लिहायचा. पुस्तकं काढली, डॉक्टरांचे निबंध वाचले. जुईला मांडीवर घेऊन एका हाताने लिहिला. विश्वकोशाची भाषा लागते, त्यात 'मी' चालत नाही, 'भीती वाटते' चालत नाही. मला ती भाषा आवडायची. आपलं रडणं त्या भाषेत घातलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी होऊन जायचं.

"प्रसूतीनंतरच्या काळात झोप खंडित होणे, रडू येणे, बोलणे कमी होणे व एकाच खोलीत दीर्घकाळ थांबणे हे सर्वसाधारणपणे आढळते. बहुतांश स्त्रियांमध्ये ही लक्षणे आपोआप कमी होतात." हा दुसरा परिच्छेद. चौथ्या परिच्छेदात होतं की हे सगळं आठवडेच्या आठवडे चाललं, बाळ झोपल्यावरही आईला झोप येईना, बाळाविषयी काहीच वाटेनासं झालं, तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावं.

चार परिच्छेद एका पडद्यात मावेनात. मतदान झालं, चौथा सविस्तर पानावर गेला. तेव्हाच नुलकरकाकांनी तो इशारा लिहिला होता. बाकी सगळ्यांनी टाळ्यांचे पंजे टाकले. लेखाला 'नमुना लेख' असा शिक्का मिळाला. घरोघरचे फोन शांत झाले. भिशीतल्या बायकांनी आईंकडे माझं कौतुक केलं.

दोन वर्षांनी माझी नणंद बाळंत झाली.

प्रांजल आमच्याकडे सांगलीलाच होती बाळंतपणाला. मुलगा झाला, शिवांश. सव्वा महिना तिने त्याला हजार नावांनी हाका मारल्या. बटाटा काय, शिवू काय, साहेब काय. "साहेबांनी आज तीन लंगोट खराब केले, वहिनी, कारवाई करा!" मग बारसं झालं आणि ती जालन्याला सासरी गेली. तिचा नवरा सुयोग तिथल्या एका स्टील कारखान्यात यंत्रांचं बघतो. घरी त्याची आई. चांगली माणसं. हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. त्यांनी तिला कामाला जुंपलं नाही, टोमणे मारले नाहीत. डिंकाचे लाडू वेळेवर दिले. आणि घरात 'सोबत' लावली.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. मी जुईचं जेवण उरकत बाजूने बघत असायचे. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की ती प्रत्येक वेळी पलंगाच्या त्याच कडेला बसलेली असते. मागे भिंतीवर कॅलेंडर, त्याचं पान आधीच्या महिन्याचं. पुढच्या वेळीही तेच पान. आणि तिने शिवांशला नावाने हाक मारणं सोडलं होतं. "बाळ दूध पितं," म्हणाली. "बाळाचं वजन वाढलंय." एखाद्या नर्सने पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तसं.

कॉल संपल्यावर मी म्हणाले, "प्रांजू बरी नाहीये."

"कशावरून?" संग्राम, माझा नवरा, टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला.

"तिने पोराला एकदाही नावाने हाक मारली नाही."

"धन्य आहे तुझी! तुला भाजीवाल्याने मेथी कशी बांधली त्यावरून त्याच्या घरात काय शिजतंय ते कळतं."

आईंनी फोन उघडून माझ्यासमोर धरला. जालन्याच्या घराचा हिरवा ठिपका आणि खाली ओळ, "सर्व ठीक." "हे बघ. माझाही जीव आहेच की तिच्यात. रोज चार वेळा बघते मी. आणि स्वरूपा, लेक दिलेलं घर आहे ते. आपण सारखं काय काय विचारायचं?"

"ठिपका काय सांगतो, आई? तो वाचक लेख वाचून..."

"लेखच वाचतो ना?" संग्रामने फोन घेतला, लेख काढला आणि बातम्या देतात त्या आवाजात वाचायला लागला. "बोलणे कमी होणे व एकाच खोलीत दीर्घकाळ थांबणे हे सर्वसाधारणपणे आढळते. लेखिका कोण आहे बघू या. स्वरूपा साळुंखे. ओळखतेस का गं हिला? हुशार दिसते."

आई हसल्या. मीही हसले असेन. त्या घरात तेव्हा कुणाचंच काही वाईट व्हावं असं कुणाला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रांजलला एकटीलाच फोन लावला.

"जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस?"

"जे होतं ते."

"आणि आमचे साहेब काय करतायत?"

"कोण साहेब?" तिने विचारलं. खरंच विचारलं.

मी लगेच सुयोगला फोन केला. तो कारखान्यात होता. मागे लोखंड कापल्याचा आवाज. "वहिनी, ती आराम करते हो. आई तिला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही. थांबा, तुम्हाला तक्ता पाठवतो, झोपेचा, हालचालीचा. सगळं रेषेच्या आतच आहे."

"तक्ता नको सुयोग. तू तिच्याशी शेवटचं बोललास कधी? म्हणजे बसून?"

"वहिनी, अहो... मी रोज बघतो ना." आणि तो कुठे बघतो ते मला न विचारताच कळलं.

मी विकी उघडला. दोन वर्षांत मी त्या लेखाकडे फिरकले नव्हते. चौथा परिच्छेद सविस्तर पानावरून उचलला, जुन्या जागी परत ठेवला, पहिला परिच्छेद कापून जागा केली. पडद्यात मावला. जतन केलं. मिनिटभरात तो पुन्हा गायब! विकीवर आता माणसांऐवजी 'राखणदार' नावाचा एक प्रोग्राम पहारा द्यायचा. त्याने कारण लिहिलं होतं, "उपलब्ध नोंदींशी विसंगत. कृपया अद्ययावत स्रोत द्या."

मी डॉक्टरांचे तेच जुने निबंध दिले. उत्तर आलं, "जुने स्रोत. नव्या नोंदींनुसार ही लक्षणे आढळणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास सर्वांची प्रकृती ठीक असते." मी लिहिलं की माझ्या नणंदेला मी डोळ्यांनी बघतेय. उत्तर, "स्वानुभव हा स्रोत नाही." हा नियम मला पाठ होता. नवशिक्यांना मीच कितीदा समजावून सांगितलेला.

लेखाखाली पाहिलं तर स्रोतांची जुनी यादी गेलेली आणि तिच्या जागी एकच नाव, 'सोबत नोंदसंग्रह, लाखो घरे'. माझ्या डोक्यात काहीतरी खटखट करायला लागलं, पण धागा सापडेना. म्हणून मी नुलकरकाकांचा नंबर मिळवून त्यांना फोन केला.

"बोला मॅडम," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक, लहान मुलासारखा. मी वेगळाच कल्पला होता. सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "तुमच्याकडं दही घरी लावता काय?"

"हो. का?"

"समजा, तुमचं विरजण तुम्ही शेजारणीला दिलं. तिनं दही लावलं. दुसऱ्या दिवशी तुमचं दही संपलं म्हणून तुम्ही तिच्याकडनं विरजण आणलं. आणि मग सांगायला लागलात, बघा, दोन्ही घरचं दही सारखंच लागतंय, म्हणजे दही असंच असतं. तसं झालंय हे. वाचकानं तुमचा लेख वाचला. लेखात लिवलंय, गप्प बसणं सर्वसाधारण. मग घरात गप्प बसलेली बाई दिसली की त्यानं 'ठीक' म्हणून नोंद केली. लाखो घरांत लाखो नोंदी. आता राखणदार त्या नोंदी बघतोय आणि म्हणतोय, गप्प बसणाऱ्या सगळ्या बायका ठीकच असतात, लेख बरोबर आहे! कोण ठीक नव्हतं ते कुणी लिवूनच ठेवलं नाही. कळलं काय?"

"मग हे मोडायचं कसं?"

"माणसांनी मत द्यायचं. मागा मतदान. पण आशा धरू नका."

मतदान मागितलं. पूर्वी जिथे रात्रंदिवस भांडणं चालायची तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. एक जण सभ्यपणे म्हणाला, "ताई, तो परिच्छेद परत आला की पुन्हा घरोघरी फोन किंचाळायला लागतील. एका घरासाठी लाखो घरांची झोप मोडायची का?" दुसऱ्याने मला आठवण करून दिली की हा लेख नमुना लेख आहे. प्रस्ताव पडला.

मी जुईचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

"कुठे?" संग्रामने विचारलं.

"जालन्याला."

"तू जाऊन काय करणार? डॉक्टर आहेस?"

"नाही. तू चल, तू भाऊ आहेस."

"आणि काय सांगू तिच्या सासूला? तुमच्या घरात सगळं ठीक दिसतंय म्हणून आलो? स्वरूपा, लोक वेडे समजतील आपल्याला."

"समजू देत," म्हणून मी निघाले. आई दारापर्यंत आल्या. प्रांजूला आवडते म्हणून त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी माझ्या पिशवीत कोंबली.

जालन्याला पोचले तेव्हा प्रांजलच्या सासूबाई अंगणात गहू वाळत घालत होत्या. "अगं बाई, असं न कळवता? सगळं बरंय ना तिकडे?"

"जुईला परत भाऊ बघायचा होता, काकू," मी म्हणाले.

आतल्या खोलीत खिडकी बंद होती. शिवांश दुपट्यात गुंडाळलेला, स्वच्छ, पावडर लावलेला. तो रडत नव्हता. प्रांजल त्याच्याकडे पाठ करून पलंगाच्या त्याच कडेला बसलेली. वेणी इतकी घट्ट की ती काकूंनी घातलीय हे दिसत होतं. मी शेजारी बसले. जुईने तिच्या मांडीवर चढायचा प्रयत्न केला, तर प्रांजलने हात वर उचलून धरले, ओले असावेत तसे.

"प्रांजू, काय होतंय तुला?"

"काही नाही. सर्वसाधारण आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी वाचलं तुमचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "चार वेळा वाचलं. म्हणजे सगळ्यांना असंच होतं ना? तुम्हालाही झालं असेल. तुम्ही तर त्यात लेख लिहिलात. सगळ्या करतात, मलाच जमत नाही. मी वाट बघतेय आपोआप कमी व्हायची. वहिनी, तुम्ही ह्याला घेऊन जाल का? माझ्याकडे चुकून दिलंय. मी काही केलं तर..."

मी तिचे वर धरलेले हात खाली घेतले. गार होते. बाहेरच्या खोलीत डब्यावरचा दिवा हिरवा होता.

संध्याकाळच्या आत तिला दवाखान्यात नेलं. त्यासाठी काकूंशी जे बोलावं लागलं ते लिहीत नाही. सुयोग कारखान्यातून थेट तिथे आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी सुयोगच्या फोनवरच्या नोंदी पाहिल्या, वर-खाली सरकवल्या, म्हणाले, "रेकॉर्ड तर चांगलं आहे."

"डॉक्टर, तुम्ही फोन खाली ठेवून एकदा तिच्याकडे बघाल का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"वहिनी, हळू," सुयोग पुटपुटला.

डॉक्टरांना राग आला असावा. पण त्यांनी फोन ठेवला. खुर्ची पुढे ओढून प्रांजलला विचारलं, बाळ झोपल्यावर झोप लागते का, कधी वाटतं का की आपण नसलेलं बरं. तिने खाली बघत एकेका शब्दात उत्तरं दिली. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी त्याच दिवशी तिला दाखल करून घेतलं. बाहेर आल्यावर सुयोग भिंतीला टेकून उभा होता. "पण मी रोज बघत होतो," तो पुन्हा म्हणाला. मला त्याची कीव आली. आणि कीव येतेय याचा संतापही.

मला वाटलं, झालं. सापडली वेळेवर.

औषधं लागू पडायला वेळ लागतो. मी सांगलीला परतले. ती जालन्याच्या घरी आली, हिरवा ठिपका हिरवाच होता, तो कधी लाल झालाच नव्हता. त्यामुळे काकूंना गोळ्यांचं प्रयोजन पटेना. "दूध पाजणारी बाई. यंत्र म्हणतंय ठीक आहे, मग डोक्याच्या गोळ्या कशाला? नसतं खूळ घातलंय तुमच्या वहिनींनी." गोळ्या बंद झाल्या. हे मला प्रांजलनेच फोनवर सांगितलं, बाळाचं वजन सांगितलं होतं त्याच आवाजात. या वेळी मात्र संग्रामच गाडी काढून निघाला, मी सोबत. काकू दारात शिवांशला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. "तिला न्यायचं तर न्या. पोराला हात लावायचा नाही. आजारी म्हणताय ना तिला? मग आजारी आईच्या हवाली कशी करू मी नातवाला?"

प्रांजल गाडीत बसली. मागे वळून बघितलं नाही तिने. तेव्हा तिला काही वाटत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

सहा-सात महिने झाले. ती आमच्याकडे आहे. बरी झालीय. जेवते, आईंशी भांडते, जुईची वेणी घालते. आणि बरी झाल्यामुळे आता तिला सगळं वाटतं. पहाटे दूध येऊन अंगातले कपडे भिजायचे तेव्हा ती शांत होती. आता दूध आटलंय आणि ती शेजारच्या घरातलं मूल रडलं तरी उठून उभी राहते. शिवू रांगायला लागला हे तिला कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं.

सुयोगच्या वकिलाची नोटीस आली. "सोबतच्या नोंदींनुसार प्रसूतीनंतरच्या संपूर्ण काळात सौ. प्रांजल यांची प्रकृती सर्वसाधारण होती. सबब त्यांनी अर्भकास टाकून स्वेच्छेने घर सोडले, हे स्पष्ट आहे." काकू दारात तिला आजारी आई म्हणाल्या होत्या आणि वकील निरोगी म्हणतो. दोन्हींनी मूल तिकडेच राहतं. आमच्या बाजूला एका डॉक्टरचा कागद आहे. त्यांच्या बाजूला रात्रंदिवसाच्या नोंदी आणि एक नमुना लेख.

"तुझ्याच लेखावर उभी आहे त्यांची केस," संग्राम एकदाच म्हणाला. आता तो घरी आला की पहिल्यांदा प्रांजलच्या खोलीत जाऊन बसतो. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. आईंनी आमच्या घरातला डबा बंद करायला सांगितला, मग दोन दिवसांनी स्वतःच चालू केला. "तुझ्या सासऱ्यांच्या छातीचं काय? झोपेत काही झालं म्हणजे?" त्यांचं चुकत नाही. मागच्या वर्षी सासऱ्यांना त्यानेच वाचवलं होतं.

मी नोटीस विकीवर मांडली. यात मुलाचा प्रश्न आहे, आतातरी लेख बदला म्हणून. राखणदाराने माझंच खातं गोठवलं. नियम आहे, विषयाशी ज्याचा जवळचा संबंध आहे त्याने त्या विषयावर लिहू नये. बाळंतपणाशी जिचा काही संबंध नाही तिनेच बाळंतपणावर लिहायचं. मला आता फक्त वाचता येतं. म्हणून हे इथे, या मासिकात लिहितेय, जिथे मला 'मी' म्हणता येतं.

आणि एका गोष्टीसाठी लिहितेय. विकीच्या प्रत्येक पानाला किती वाचक आले आणि कुठल्या गावातून, ते कुणालाही बघता येतं. आढावा लेखापुढचा आकडा मोजण्यापलीकडे गेलाय, सगळी यंत्रं. सविस्तर पान, जिथे तो चौथा परिच्छेद पडून आहे, ते यंत्रं उघडत नाहीत. त्याचा आकडा महिनोन्‌महिने शून्य असायचा. गेल्या काही आठवड्यांपासून रोज दुपारी ते पान कुणीतरी एकदा उघडतं. बराच वेळ उघडं ठेवतं. मग बंद करतं. गाव दिसतं, उदगीर. यापुढचं काही कळत नाही. चर्चापानावर लिहिता येत नाही म्हणून नुलकरकाकांकडून लिहवून घेतलं, "ताई, मला फोन करा," आणि माझा नंबर. फोन आला नाही. आज दुपारीही पान उघडलं गेलं होतं.

तुम्ही उदगीरचे असाल, किंवा तिथे तुमचं कुणी असेल, तर तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत ज्या घराच्या दोरीवर लंगोट वाळत असतील त्या घराचं दार वाजवा. घरातले सांगतील, सगळं ठीक आहे, आणि ते खोटं बोलत नसतील. बाळाला बघायला आलोय म्हणा. बाळाला बघायला आलेल्याला आपल्याकडे कुणी का आलात म्हणून विचारत नाही. एक झबलं-टोपडं घेऊन जा. आत जा. आणि बाळाकडे नंतर बघा.